गावच्या दगडावर नुसता आकडा आहे, नावं कुठून आणायची?

चावडीवरचा
आमचं गाव पाटण तालुक्यात. नाव मुद्दाम लिहीत नाही, गावातले बरेच जण इथे वाचत असतात आणि अजून माझ्या हातात काहीच नाहीये. तर आमच्या जुन्या चावडीच्या भिंतीत एक संगमरवरी पाटी बसवलेली आहे, लहानपणापासून बघतोय, पण कुणीतरी चावडी रंगवताना तिच्यावरूनही निळा ऑइलपेंट फिरवला त्यामुळे कधी वाचलीच नव्हती. यंदा यात्रेला गेलो तर कळलं की चावडी पाडून तिथे ग्रामपंचायतीचं नवीन ऑफिस होणार, म्हणून रात्री मोबाइलचा टॉर्च तिरका मारून वाचली. इंग्रजीत आहे. या गावातून ३१ माणसं १९१४ ते १९१९ च्या महायुद्धाला गेली आणि त्यातल्या ५ जणांनी प्राण दिले, एवढंच. नाव एकाचंही नाही.

आमच्या घरातला एक त्या पाचात असावा. आजी सांगायची की आपल्यातला एक बसऱ्याला, म्हणजे आताच्या इराकमध्ये, गेला तो आलाच नाही. पण त्याचं नाव काय विचारलं तर एक चुलते म्हणतात बाबू, दुसरे म्हणतात बाळू, आणि दोघं आता या विषयावर एकमेकांशी बोलत नाहीत. सरपंच चांगला माणूस आहे, म्हणाला तू नावं आण, १५ ऑगस्टला ग्रॅनाइटचा फलक लावू. आता मी आयटीत काम करणारा माणूस, मला यातलं काही कळत नाही. सुरुवात कुठून करू?

भाकरतुकडा
तशी पाटी आमच्या कोरेगाव तालुक्यातल्या गावातही आहे, शाळेच्या व्हरांड्यात. सातारा, रत्नागिरी, कोल्हापूर बाजूला अशा कितीतरी गावांत सापडतात, मजकूर जवळजवळ सारखाच, फक्त आकडे बदलतात. एकदा अपशिंगे मिलिटरीला जाऊन या, तिथले ४६ जण पहिल्या महायुद्धात मरण पावले असं सांगतात, गावाने ते जपलंय पण. बाकी तुमच्या चुलत्यांना एकत्र बसवून चहा पाजा आधी.

रेकॉर्डरूम
चावडीवरचा, हे काम मी आमच्या गावासाठी केलंय, दोन वर्षं लागली, त्यामुळे जरा लांबलचक लिहितो, वैतागू नका.

पहिली गोष्ट, १५ ऑगस्ट विसरा. निदान या वर्षीचा.

दुसरी, कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनची वेबसाइट, म्हणजे महायुद्धात मेलेल्या ब्रिटिश साम्राज्याच्या सैनिकांच्या कबरी आणि नोंदी सांभाळणारी संस्था. फुकट आहे. पहिल्या महायुद्धासाठी ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ या काळात सैन्यात असताना जो मेला तो त्यांच्या यादीत धरतात, मग गोळी लागून असो की कॉलऱ्याने. लोक आडनाव टाकतात, हजार नावं येतात आणि सोडून देतात. तसं करू नका. ॲडव्हान्स्ड सर्चमध्ये इंडियन आर्मी निवडा आणि जादा माहितीचा जो रकाना असतो त्यात गावाचं किंवा तालुक्याचं नाव टाका. आपल्या बऱ्याच शिपायांच्या नोंदीत अमुकचा मुलगा, राहणार अमुक गाव, अमुक तालुका, सातारा, बॉम्बे असं असतं. सगळ्यांच्या नाही पण पुष्कळांच्या. हाच तुमचा धागा. बापाचं नाव मिळालं की अर्धं काम झालं.

आता स्पेलिंग. तिथे बसलेल्या कारकुनाने जे ऐकलं ते लिहिलं, त्यावर दुसऱ्याने नक्कल केली, त्यावर तिसऱ्याने छापलं. पवारचं पोवार, जाधवचं जाधाव, शिंदेचं सिंदे, चव्हाणचं चवान, सगळं करून बघा. गावाच्या नावात तर फारच मजा, ळ चा ल, ण चा न, शेवटचं वाडी कधी जोडून कधी तोडून. मी कागदावर आमच्या गावाची १४ स्पेलिंगं लिहून एकेक टाकून बघितली, अकरावं लागलं. कधी कधी आडनाव लिहिलेलंच नसतं, नुसतं रामा, नुसतं भाऊ, आणि ते आडनावाच्या रकान्यात. म्हणून गावावरून शोधा म्हणतोय.

सापडलेली यादी एक्सेलमध्ये उतरवता येते, ते तुम्हाला मी काय सांगणार.

तिसरी गोष्ट, पलटणीची नावं. तेव्हा मराठा लाइट इन्फंट्री अशी एक रेजिमेंट नव्हती. १०३, १०५, ११०, ११४, ११६, ११७ अशा वेगवेगळ्या पलटणी होत्या, १९२२ मध्ये त्या एकत्र करून पाचवी मराठा लाइट इन्फंट्री केली. घरात कुणी जंगी पलटण म्हणत असेल तर १०३, काली पाचवी म्हणत असतील तर १०५. पण गावातले सगळे मराठा पलटणीतच असतील असंही धरू नका, खडकीच्या सॅपर्समध्ये, म्हणजे इंजिनिअर पलटणीत होते, पायोनियरमध्ये होते, खेचरांच्या तांड्याबरोबर होते. सॅपर्सवाल्यांना बॉम्बे सॅपर्स म्हणून शोधलंत तर मिळणार नाहीत, तेव्हा अधिकृत नाव थर्ड सॅपर्स अँड मायनर्स होतं. त्यांच्या २० आणि २१ नंबरच्या कंपन्या २८ ऑक्टोबर १९१४ ला फ्रान्समध्ये न्यूव्ह शापेलला हल्ल्यात होत्या. म्हणजे आजी बसरा म्हणाली तरी बाकीच्या चारांतला एखादा फ्रान्समध्येही असू शकतो.

आणि बसऱ्याचं म्हणाल तर मेसोपोटेमियात, म्हणजे आताच्या इराकमध्ये, ज्यांची कबर नाही त्यांचं स्मारक बसऱ्याला आहे, ४०,००० च्या वर माणसं. हे १९९७ मध्ये सद्दामच्या हुकमाने मूळ जागेवरून उचलून नासिरियाच्या रस्त्यावर ३२ किलोमीटर लांब नेलं. पण ऐका, त्या भिंतींवरही आपल्या साध्या शिपायांची नावं नाहीत. ब्रिटिशांची नावं आहेत, आपल्या सुभेदार जमादारांची आहेत आणि खाली पलटणीच्या नावाने आणखी इतके हिंदी शिपाई असा आकडा. नावं वेगळ्या नोंदवहीत ठेवली. मला हे कळलं त्या दिवशी मी आमच्या चावडीसमोर जाऊन उभा राहिलो होतो. इकडे आकडा, तिकडे आकडा. २०२१ मध्ये कमिशनने स्वतःच अहवाल काढून हे कबूल केलं, की ४५,००० ते ५४,००० जणांना, त्यात बहुतेक हिंदी आणि आफ्रिकी, बरोबरीचा मान मिळाला नाही, आणि १ लाख १६ हजारांची, कदाचित त्याहून खूप जास्त जणांची, नावानिशी नोंदच झाली नाही किंवा कसलीच नोंद नाही. त्यामुळे तुमचे पाचही सापडतील अशी खात्री मी देत नाही.

चावडीवरचा
रेकॉर्डरूम सर खूप खूप आभार. काल रात्री बसलो. उत्साहात आधी आडनावच टाकलं, मोरे. तर इंग्लंडमधले सगळे मोर आडनावाचे गोरे पुढे उभे राहिले, त्यांचं स्पेलिंग तेच ना. 😀 मग इंडियन आर्मी निवडल्यावर कमी झाले तरी भरपूर. गावाच्या नावाने अजून काही नाही, ९ स्पेलिंगं झाली. वॉर डायऱ्या म्हणून काहीतरी लंडनच्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये आहेत असं वाचलं, त्या विकत घेऊ का?

रेकॉर्डरूम
नावासाठी नको. डायरीत अधिकाऱ्यांची नावं येतात, शिपाई बहुतेक आकड्यातच, आज इतके मेले इतके जखमी. नाव मिळाल्यावर त्या तारखेला पलटण कुठे होती हे बघायला मात्र उपयोगी. उदाहरणार्थ तारीख २२ ते २५ नोव्हेंबर १९१५ मधली आणि पलटण १०३, ११० किंवा ११७ असेल तर डायरी न उघडता सांगता येतं, टेसिफॉनची लढाई, बगदादच्या अलीकडे. डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ असेल तर कुतचा वेढा. त्यात आपल्या बाजूची साधारण १३,००० माणसं तुर्कांना शरण गेली, पुढे कितीतरी हिंदी शिपाई कैदेत रेल्वेच्या कामावर मेले. ऑक्टोबर १९१८ चा शेवट आणि ११४ असेल तर शरकतची लढाई, तीही मेसोपोटेमियातलीच.

मोडीची_गोडी
मी सांगतो तो मार्ग थोडा कंटाळवाणा आहे पण गावातल्या गावात होतो. साहेबाचे कागद सोडा, तलाठ्याचे बघा. शिपायाच्या नावावर जमीन असेल आणि तो मेला तर वारस लागला असणार, म्हणजे फेरफार झाला असणार. गाव नमुना ६. साल १९१५ ते १९२५ सगळे फेरफार वाचून काढा, तहसीलच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज करून. काही जिल्ह्यांचे जुने कागद आपले अभिलेख या सरकारी पोर्टलवर स्कॅन करून टाकलेत, तुमचे आहेत का बघा. मी एका गावाचे वाचले होते त्यात एका नोंदीत मयत लढाईत असं चक्क लिहिलेलं होतं, वारस बायको, अज्ञान मुलगा, पालनकर्ता दीर. अशी ओळ वाचली की बाकी काही सांगायची गरज राहत नाही.

अडचण एक. बहुतेक शिपाई पोरगेले, विशीतले, जमीन बापाच्या नाहीतर थोरल्या भावाच्या नावावर. सातबाऱ्यावर ए.कु.मॅ. लिहिलेलं असतं ना, एकत्र कुटुंब मॅनेजर, त्याच्या आड हे सगळे धाकटे गडप होतात. मग उलटं करा, रेकॉर्डरूम म्हणतात तसं कमिशनच्या यादीतून बापाचं नाव घ्या आणि तो बाप फेरफारात सापडतो का बघा. दोन्हीकडे एकच बाप आला तर पक्कं.

कुणबी नोंदींच्या शोधात गेल्या दोनतीन वर्षांत गावोगावची कोतवाल बुकं, म्हणजे जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदवह्या, धुंडाळली, स्कॅन झाली, जिल्ह्यांच्या साइटवर टाकली, तो तुमचा फायदाच. त्यात परदेशात मेलेल्याची मृत्यूनोंद सहसा नसणार, पण जन्मनोंदीत बाप, आडनाव, जात सगळं येतं. मोडीत असेल तर पान इथे टाका, वाचून देईन. फोटो सरळ काढा फक्त, मागच्या वेळी एकाने बोटासकट काढला होता.

खाडीपलीकडे
मी दापोली साइडचा. दोन गोष्टी, एक तर जिल्हे. तेव्हाचे जिल्हे आणि आताचे वेगळे, लोक हमखास इथे फसतात. सिंधुदुर्ग १९८१ मध्ये झाला, त्याआधीचं सगळं रत्नागिरी. रायगड म्हणजे तेव्हा कुलाबा. वाळवा, तासगाव, खानापूर हे सातारा जिल्ह्यात होते. कोल्हापूर, सावंतवाडी, जंजिरा, औंध, भोर ही तर संस्थानं, तिथल्या माणसाच्या पत्त्यात संस्थानाचं नाव असू शकतं. आणि खेड! एक खेड आमचं रत्नागिरीतलं आणि एक पुण्याजवळचं. माझ्या एका मित्राने पुण्याच्या खेडचा माणूस आपला पणजोबा म्हणून स्टेटसला लावला होता, हार घालून. चावडीवरचा, तुमच्या शेजारचं कोरेगावही तसंच, साताऱ्यातलं कोरेगाव तालुका वेगळं आणि भीमेकाठचं वेगळं.

दुसरं, तुमच्या ३१ मधले काही मुंबईत गिरणीत गोदीत असताना तिथूनच भरती झाले असतील. आमच्याकडे तर लोक बोटीवर. खलाशी, आगवाले. त्यांचं स्मारक वेगळं आहे, मस्जिद बंदरला इंडियन सेलर्स होममध्ये, १९१४-१८ मध्ये समुद्रात गेलेले २,००० च्या वर, ब्राँझच्या पाट्यांवर नावं आहेत. कोकणातला माणूस शोधणाऱ्याने तिथे जायलाच हवं, लोकल ट्रेनच्या अंतरावर आहे आणि कुणाला माहीत नाही. इंडिया गेटवर १३,००० च्या वर नावं आहेत पण ती मुख्यतः वायव्य सरहद्दीकडची आणि १९१९ च्या अफगाण लढाईतली, मेसोपोटेमियावाला तिथे शोधू नका. खडकीच्या कबरस्तानातल्या १,६६८ कबरी दुसऱ्या महायुद्धाच्या.

परखड_पाटील
हे सगळं ठीक आहे पण इंग्रजांच्या पगारावर इंग्रजांसाठी मेलेल्यांचे फलक १५ ऑगस्टला लावायचे? गंमतच आहे.

भाकरतुकडा
पाटील, १९१८ ला घाटमाथ्यावर दुसरा कुठला पगार होता ते सांगा. १५ ऑगस्टचं म्हणाल तर मला पण तेवढं पटत नाही, दिवस दुसरा घ्या. फलकावर हुतात्मा लिहू नका एवढंच, महायुद्धात मरण पावलेले गावकरी, सरळ. वाद मिटला.

परखड_पाटील
तसं लिहिलं तर माझी हरकत नाही.

गोधडी
एक राहिलं. घरोघरच्या ट्रंका उघडायला लावा. पहिल्या महायुद्धाच्या मेडलच्या कडेवर, म्हणजे जाडीवर, नंबर, हुद्दा, नाव, पलटण बारीक कोरलेलं असतं. भिंग लागतं. चांदीचं असेल तर बऱ्याच जणांनी मोडून खाल्लं, काय करणार, पण काहींकडे असतं. तेच मेडल ब्राँझचं असेल तर तो माणूस लढाऊ शिपाई नाही, मजूर पलटणीतला किंवा फॉलोअर, म्हणजे स्वयंपाकी, मोतद्दार वगैरे. हे फेकू नका, दगडावरच्या आकड्यात तेही धरलेले असू शकतात. आणि मेलेल्याच्या घरी एक मोठी ब्राँझची चकती यायची, साधारण १२ सेंटीमीटरची, बाई आणि सिंह असलेली, त्यावर फक्त नाव, हुद्दा नाही. आमच्या मावशीकडे तिच्यावर समई ठेवत होते. नंबर मिळाला तर त्याच्याबरोबर पलटण लिहूनच ठेवा, प्रत्येक पलटणीचे नंबर वेगळे, एकच नंबर दोन पलटणींत दोन माणसांचा निघतो.

चावडीवरचा
दीड महिन्याने येतोय, सॉरी, मधे रिलीज होती. मंडळी, सापडले! गावाचं तेरावं स्पेलिंग. शेवटच्या वाडीचं त्यांनी वारी केलंय, आणि मी इतके दिवस पुढच्या अक्षरांशी झटत होतो.

पण पाच नाही, सहा सापडले. तिघं ११७ चे, त्यातले दोघं टेसिफॉनच्या तारखांत. एक ११० चा, मे १९१६, म्हणजे कुत पडल्यानंतर. एक ११४ चा. आमच्या घरातला माणूस बाबूही नाही आणि बाळूही नाही, बापू आहे. बापाचं नाव फेरफारातल्या पणजोबांच्या बापाशी जुळतं, मोडीची गोडी यांनीच पान वाचून दिलं. दोन्ही चुलत्यांना फोन केला, दोघंही म्हणाले मी तेच म्हणत होतो.

आता सहावा. १११ महार पलटण, नोव्हेंबर १९१८. आडनाव जाधव, म्हणून मी आधी वरच्या आळीतल्या जाधवांचाच समजलो होतो, त्यांनाही सांगून टाकलं होतं आणि त्यांनी पेढे वाटले. पलटण नीट बघितली तेव्हा लक्षात आलं. बौद्धवाडीत गेलो तर एक आजोबा म्हणाले आमच्यातला एक गेला होता हे आम्हाला माहीत आहे, चावडीवर आकडा आहे हे माहीत नाही, चावडीवर आमचं कोण कधी चढलं. मी काही बोललो नाही. ते बापाचं नाव न विचारता सांगून गेले आणि ते यादीतलंच निघालं.

सर, दगडावर ५ आणि यादीत ६ हे कसं? तो मोजलाच नाही का?

रेकॉर्डरूम
अभिनंदन आधी. तेरावं म्हणजे लवकर मिळालं.

मोजला नसेल असं लगेच म्हणू नका, तसं असूही शकतं पण पुरावा लागेल. सहापैकी प्रत्येकाची तारीख बघा, १९१९ नंतरची एखादी असेल तर ती दगडाच्या हिशोबात धरलेली नसेल. दुसरं, कुणी मुंबईतून भरती झाला असेल तर तो गावच्या खात्यात आला नसेल. तिसरं, त्याच नावाची वाडी शेजारच्या गावाला आहे का? आमच्याकडे ४ चे ७ झाले होते आणि त्यातले दोन शेजारच्या गावचे निघाले, वाडी एकच नावाची.

१११ बद्दल. महारांची भरती सरकारने १८९० च्या दशकात बंद केली होती, महायुद्धात माणसं कमी पडायला लागली तेव्हा परत उघडली, १९१७ मध्ये १११ उभी केली आणि १९२१ मध्ये मोडूनही टाकली. म्हणजे तो माणूस त्या पलटणीत जेमतेम वर्ष-दीड वर्ष शिपाई होता. नोव्हेंबर १९१८ म्हणजे मला तरी इन्फ्लुएन्झा वाटतो, पण हा अंदाज, फलकावर लिहू नका. जाधवांना पेढे परत मागायला लावू नका.

चावडीवरचा
१९१९ नंतरचा कुणी नाही, बघितलं. शेजारच्या गावाला त्या नावाची वाडी आहे, हे मात्र खरंय. ११४ वाल्याच्या बापाचं नाव आमच्या फेरफारात कुठेच येत नाही, तर तो कदाचित त्यांचा. उद्या त्यांच्या तलाठ्याकडे जातोय.

सरपंचांना सांगितलं फलक पुढच्या वर्षी. ते म्हणाले ठीक आहे पण चावडी पावसाळ्यानंतर पडणार, तोवर दगड काढून ठेव. ऑइलपेंट कशाने काढू? गावातला पेंटर म्हणतो तारेच्या ब्रशने दोन मिनिटांत.

गोधडी
तारेचा ब्रश नको!! संगमरवर आहे, अक्षरं जातील. ॲसिड तर बाथरूमचंसुद्धा नको. आधी दगड भिंतीतून नीट सोडवा, कडेचा चुना छिन्नीने हळूहळू, घाई केली तर कोपरा उडतो. रंग तसाच राहू दे, पुरातत्त्ववाल्यांपैकी कुणाला तरी दाखवून मगच हात लावा. आणि काढण्याआधी फोटो काढा, कुठल्या भिंतीत, किती उंचीवर, सगळं.

मोडीची_गोडी
बोट न येऊ देता.

चावडीवरचा
😀 काढतो. त्या आजोबांना पण बोलावलंय, दगड काढताना.